दर्यागंजचा विस्तव

तंदूर म्हणजे मातीचा रांजण. वर अरुंद, पोटात फुगीर आणि तळाशी हवा घ्यायला एक भोक. भोकावरचं झाकण सरकवलं की निखारे फुलतात, लोटलं की दबतात. हॉटेलांतून आज आपल्याला स्टीलची चौकोनी पेटी दिसते, पण खरा तंदूर तिच्या आत असतो. पेटी आणि माती यांच्यामधली पोकळी धग धरून ठेवण्यासाठी भरलेली असते. पूर्वी या पेटीची गरज नव्हती. तंदूर जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला असायचा आणि भोवतालची जमीनच त्याला ऊब द्यायची.

तो घडवणं हे कुंभाराच्या चाकाचं काम नव्हे. चिकणमातीत भुसा, ताग किंवा शेळीचे केस मळून घालतात, म्हणजे तापल्यावर भेगा पडत नाहीत. मग हाताने एकावर एक थर चढवत भिंत उभी करतात आणि सावलीत हळूहळू वाळवतात. पहिला विस्तव घालण्याआधी आतून मोहरीचं तेल, गूळ आणि वाटलेली पालेभाजी यांचा लेप देण्याची रीत आहे. काही दिवस मंद आच दिल्यावर हा लेप भिंतीत मुरतो. त्यानंतरच रोटी भिंतीला नीट चिकटते आणि भाजल्यावर अख्खी सुटून येते. नवा तंदूर पहिल्याच दिवशी भडकवला तर तो तडकतो, आणि तडकलेला तंदूर पुन्हा सांधता येत नाही.

आपल्याकडे याची सगळ्यात जवळची नातलग रायगडातली पोपटी. थंडीत मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मध्ये मसाला लावलेली कोंबडी नाहीतर अंडी, वर पुन्हा पाला. मग मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. मातीच्या पोटात कोंडलेल्या उष्णतेने मांसाला येणारी चव ज्यांनी तिथे चाखली आहे, त्यांना तंदूर वेगळा समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की पोपटी वर्षातून चार-सहा वेळा लागते आणि दिल्लीचा तंदूर रोज पेटतो. तो तसा पेटू लागला, त्यामागे घरदार सोडून आलेली माणसं आहेत. हा लेख त्यांच्याविषयी आहे.

दिल्लीत भाजलेलं मांस पेशावरवाले येण्याआधीही होतं. जामा मशिदीसमोर गली कबाबियां आहे, आणि नावातच तिचा धंदा आहे. तिथलं करीम हॉटेल १९१३ सालचं. संस्थापक हाजी करीमुद्दीन यांचे वडील लाल किल्ल्यातल्या मुदपाकखान्यात होते. १८५७ चा उठाव मोडला, बादशहा बहादूरशहा जफर यांची रवानगी रंगूनला झाली आणि ज्या चुलींवर ही माणसं राबत होती त्या चुलीच राहिल्या नाहीत. कुटुंब दिल्लीबाहेर गेलं. बापाने मुलांना तेवढं एकच धन दिलं, ते म्हणजे स्वयंपाक. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या दरबारासाठी देशभरातून माणसं दिल्लीत लोटली, तेव्हा करीमुद्दीन परत आले आणि आलू-गोश्त, डाळ आणि रुमाली रोटी घेऊन बसले. दोन वर्षांनी गली कबाबियांत हॉटेल झालं. बादशहाच्या घरचं जेवण रस्त्यावरच्या माणसाला पैसे टाकून मिळू लागलं, कारण बादशहाच उरला नव्हता.

करीमच्या गल्लीतला सीख कबाब शिगडीवरचा. खिमा लोखंडी सळईवर हाताने थापायचा, सळई उघड्या निखाऱ्यांवर आडवी धरायची आणि पंख्याने वारा घालत फिरवत राहायची. आच एकाच बाजूने, म्हणजे खालून लागते, त्यामुळे सगळी करामत फिरवणाऱ्या मनगटात. तंदुरात तसं नसतं. तिथे सळई उभी उतरते आणि धग चारी बाजूंनी येते: भिंत तापलेली, खालून गरम हवा वर चढणारी, आणि मांसातली चरबी थेंबाथेंबाने निखाऱ्यावर पडून उठलेला धूर पुन्हा त्याच मांसाला लागणारा. भिंतीजवळ चारशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापमान जातं. बाहेरचा भाग क्षणात आवळतो आणि मांस झटपट भाजतं. ज्याच्या पोटात एरवी रोट्या लागायच्या त्या भांड्यात अख्खी कोंबडी उतरवायची, ही कल्पना ज्याला सुचली त्याने या उपखंडाचं जेवण बदललं, असं मी बेलाशक म्हणेन.

ही कल्पना आली पेशावरहून. तिथल्या गोरा बाजारात मोखासिंग लांबा यांचं मोती महल नावाचं खाणावळवजा हॉटेल होतं. कुंदनलाल गुजराल, कुंदनलाल जग्गी आणि ठाकूरदास मागो हे तिघं पेशावरच्या त्याच मोती महलमधून आलेले. गुजराल यांचा जन्म चकवालचा. लहानपणीच वडील गेले आणि पोरवयातच कामाला लागावं लागलं, असं त्यांच्या घरचे सांगतात. तंदूर तिथे होताच. पंजाब आणि सरहद्द प्रांतात गावोगावी सांझा चुल्हा असे, म्हणजे साऱ्या आळीचा मिळून एक तंदूर. संध्याकाळी बायका घरून कणकेचे गोळे परातीत घेऊन यायच्या, आपली पाळी येईपर्यंत बोलत बसायच्या आणि भाजलेल्या रोट्या फडक्यात बांधून घरी न्यायच्या. अशा तंदुरात दही, मिरची, आलं-लसूण आणि गरम मसाला चोपडलेली कोंबडी सळईवर ओवून सोडायची, हा प्रयोग गुजराल यांनी पेशावरात केला, असं त्यांच्या कुटुंबाचं म्हणणं आहे.

मग १९४७ उजाडलं आणि फाळणी झाली.

त्या वर्षी दिल्लीचं काय झालं हे जनगणनेच्या दोन आकड्यांत दिसतं. १९४१ मध्ये दिल्ली प्रांताची, म्हणजे शहर आणि भोवतालची गावं मिळून, वस्ती सुमारे ९ लाख १८ हजार होती. १९५१ मध्ये ती १७ लाख ४४ हजार झाली. सुमारे पाच लाख निर्वासित आत आले आणि सुमारे तीन लाख मुसलमान शहर सोडून गेले. पुराना किला आणि हुमायूनची कबर इथे जाणाऱ्यांच्या छावण्या होत्या, किंग्जवेला येणाऱ्यांची. एकाच शहरात एक रांग बाहेर पडायला उभी आणि दुसरी आत शिरायला. दोन्ही रांगांतल्या माणसांच्या हाती सारखीच गाठोडी होती. या लेखात तंदूरची चव सांगताना मला ती बाहेर पडणारी रांग सारखी आठवते. आलेल्यांना जिथे पाय ठेवायला जागा मिळाली, त्यातल्या पुष्कळ जागा गेलेल्यांच्या होत्या. दर्यागंज तर शाहजहानच्या जुन्या शहराचाच भाग. त्याच्या मुख्य रस्त्याला तोवर फैज बाजार म्हणत, आज तो नेताजी सुभाष मार्ग आहे.

या रस्त्यावर तिघा पेशावरवाल्यांनी मोती महल पुन्हा उभं केलं. नाव तेच ठेवलं. मला यातलं हेच सगळ्यात मोठं धाडस वाटतं. गाव गेलं, बाजार गेला, गिऱ्हाईक पांगलं, आणि यांनी पाटी मात्र जुनीच लावली. दिल्लीकराला त्या नावाचा अर्थ कळण्याचं कारण नव्हतं. पण पेशावर, रावळपिंडी, लाहोरहून आलेला जो माणूस फाटक्या खिशाने त्या रस्त्याने जात असेल, त्याला ती पाटी वाचून काय वाटलं असेल याची कल्पना करून पाहा.

कोंबडीला लाल रंग देणाऱ्या मिरचीची एक गोष्टही त्याच वर्षातली आहे. सियालकोटमध्ये चुनीलाल गुलाटी यांचं १९१९ पासून मसाल्याचं दुकान होतं, ‘महाशियां दी हट्टी’. देगी मिरचीवाले म्हणून ते ओळखले जात. देगी मिरचीचा गुण असा, की ती रंग भरपूर देते आणि जिभेला फारशी झोंबत नाही. त्यांचा मुलगा धरमपाल २७ सप्टेंबर १९४७ ला दिल्लीत पोचला. जवळ पंधराशे रुपये होते. त्यातल्या साडेसहाशेंत त्याने टांगा घेतला आणि नवी दिल्ली स्टेशन ते कुतुब रोड अशा फेऱ्या मारू लागला. टांग्यात मन रमेना. पुढच्याच वर्षी टांगा विकून करोल बागेत लहानसं दुकान टाकलं आणि पुन्हा मसाला कुटायला घेतला. फेटा आणि भरघोस मिशांचे ते आजोबा आपण टीव्हीवर वर्षानुवर्षं पाहिले, पण त्या हसऱ्या चेहऱ्यामागे टांग्याचा लगाम होता हे फार थोड्यांना ठाऊक असेल. तंदुरातली कोंबडी एकाने आणली आणि मिरची दुसऱ्याने. दोघंही एकाच वादळात उखडून त्याच शहरात येऊन पडले.

तंदुरी कोंबडी करताना घाई चालत नाही. आधी कातडी काढून मांसाला खोल चिरा द्यायच्या. मीठ, लिंबू आणि मिरची लावून ती थोडा वेळ ठेवायची. मग दह्याचा लेप, तोही आधी फडक्यात बांधून पाणी काढलेल्या दह्याचा, नाहीतर लेप तंदुरात गळून पडतो. काही तास मुरल्यावर सळई. सगळ्यात महत्त्वाचं पुढेच आहे: कोंबडी एका दमात शिजवत नाहीत. पाऊण भाजली की बाहेर काढून सळई टांगून ठेवतात. जादा पाणी निथळतं, मांस विसावतं. गिऱ्हाइकाने मागितली की लोणी किंवा तेल लावून पुन्हा दोन-चार मिनिटं आत. त्या दुसऱ्या फेरीत कडा काळसर होतात. तंदूरवर उभ्या असलेल्या माणसाला घड्याळ नसतं. निखाऱ्याचा रंग, तोंडाजवळ हात धरल्यावर लागणारी झळ आणि चरबी पडल्याचा चर्र आवाज, यावर तो चालतो.

टांगून ठेवलेली कोंबडी संध्याकाळ सरेपर्यंत कोरडी पडते. ती फेकवत नाही, आणि पोट हातावर असलेल्याला तर नाहीच. टोमॅटो, लोणी आणि साय यांच्या रश्शात ती सोडली की पुन्हा मऊ होते. बटर चिकनचा जन्म या काटकसरीत आहे. काळ्या उडदाची डाळही तशीच: रात्री तंदूर विझत आला की त्याच्या उरलेल्या धगीवर डाळीचं पातेलं ठेवून द्यायचं, सकाळपर्यंत ती आपोआप घट्ट आणि सायीसारखी होते. आज या दोन्ही पदार्थांना मेजवानीचा मान आहे. मूळ हेतू मात्र उरलेलं मांस आणि उरलेली धग वाया जाऊ न देण्याचा होता.

मोती महलचं नाव झपाट्याने झालं. पेशावरचेच मेहरचंद खन्ना, सरहद्द प्रांताचे एकेकाळचे अर्थमंत्री आणि पुढे केंद्रातले पुनर्वसनमंत्री, यांनी पंडित नेहरूंना इथली चव दाखवली, असं सांगतात. नंतर परदेशी पाहुण्यांच्या मेजवान्यांना इथून कोंबडी जाऊ लागली. दिल्लीला येऊन मोती महलात न जेवणं म्हणजे आग्र्याला जाऊन ताजमहाल न पाहणं, असं मौलाना आझाद इराणच्या शहांना म्हणाले होते, ही कथा तर दिल्लीत प्रत्येकाला पाठ आहे. कथा खरी असो वा रचलेली, ती लोकांना सांगावीशी वाटली, हे महत्त्वाचं. संध्याकाळी अंगणात कव्वाली व्हायची. उघडं आकाश, मध्ये कव्वाल, कडेला धगधगता तंदूर. देश ज्यांनी नुकताच विभागला गेलेला पाहिला होता, ती माणसं तिथे बसून सूफी गाणं ऐकत जेवत होती.

असं एकटं मोती महलच नव्हतं. कॅनॉट प्लेसमधलं काके दा हॉटेल, पहाडगंजमधलं सीताराम दिवानचंदांचं छोले-भटुऱ्यांचं दुकान, हीही पश्चिम पंजाबातून आलेल्यांचीच. लाजपतनगर, पटेलनगर, राजेंद्रनगर या निर्वासितांच्या वसाहतींत कोपऱ्याकोपऱ्यावर तंदूर लागले आणि बायका पुन्हा कणीक घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. दिल्लीहून उत्तरेला जाताना मुरथलला जे ढाबे लागतात, ते बहुतेक शाकाहारी आहेत, पण तंदूर तोच. आपल्याकडच्या हमरस्त्यावर ‘पंजाबी ढाबा’ अशी पाटी दिसते, तिचीही पाळंमुळं इथवर पोचतात.

आता भांडणाचं. मूळ मोती महलची भागीदारी पुढे टिकली नाही आणि ती जागाही दुसऱ्यांच्या हाती गेली. गुजराल यांच्या कुटुंबाने मोती महल नावाची हॉटेलं चालवली. जग्गी यांच्या नातवाने एका मित्राबरोबर २०१९ मध्ये ‘दर्यागंज’ नावाने हॉटेलांची साखळी काढली आणि बटर चिकन व दाल मखनी आमच्या घराची निर्मिती, असं पाटीवर लिहिलं. जानेवारी २०२४ मध्ये गुजराल कुटुंब दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. दावा २,७५२ पानांचा, मागितलेली भरपाई सुमारे दोन कोटी रुपयांची. एक बाजू म्हणते पदार्थ पेशावरात जन्मला, दुसरी म्हणते दिल्लीत, आणि पुराव्यादाखल १९४९ चा भागीदारीचा कागद दाखवते.

न्यायालय जे ठरवेल ते ठरवेल. माझं मत सांगतो. या पदार्थांचा जनक एक माणूस असूच शकत नाही. मातीचं भांडं हजारो वर्षांचं आहे, सिंधू संस्कृतीच्या कालीबंगनमध्येसुद्धा तंदुरासारख्या भट्ट्या सापडल्या आहेत. सांझा चुल्हा गावातल्या बायकांचा. मिरची सियालकोटच्या हट्टीची. हॉटेल लांबांचं, हात तिघांचे. आणि आज दिल्लीत तंदूरवर जे उभे असतात, त्यांतले कितीतरी गढवाल, कुमाऊँ आणि बिहारमधून आलेले आहेत. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना चारशे अंशांच्या भांड्यात कोपरापर्यंत हात घालून रोटी लावणाऱ्या त्या माणसाच्या दंडावरचे केस जळून गेलेले असतात. त्याचं नाव २,७५२ पानांत कुठे असेल असं मला वाटत नाही. असायला हवं.

तंदूरवर सध्या आणखी एक संकट आहे आणि ते खरं आहे. दिल्लीची हवा. हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाच्या आराखड्यानुसार राजधानी परिसरात हवेचा निर्देशांक २०० च्या वर गेला की पहिला टप्पा लागू होतो, आणि त्या टप्प्यातच हॉटेलांतल्या तंदुरांत कोळसा आणि लाकूड जाळायला बंदी येते. म्हणजे हिवाळ्यात, जेव्हा तंदुरी खावंसं वाटतं तेव्हाच. पुष्कळांनी गॅसचे किंवा विजेचे तंदूर घेतले आहेत. चव बदलते, अशी कुरकुर ऐकू येते. मला वाटतं, ही कुरकुर अर्धीच खरी आहे. कोळशाचा स्वतःचा वास फार थोडा असतो. तंदुरी चवीतला मोठा वाटा तापलेल्या मातीचा आणि गरम पृष्ठभागावर पडून जळणाऱ्या चरबीचा आहे, आणि तो गॅसवरही मिळू शकतो, जर आतला रांजण मातीचाच असेल आणि उस्तादाला घाई नसेल. ज्या शहरात लहान मुलांना श्वास घेणं जड जातं, तिथे कोळशासाठी हट्ट धरू नये. हट्ट धरायचाच तर मातीसाठी धरावा.

हे सगळं मराठी वाचकाला मी का सांगतोय, त्याला कारण आहे. मुंबईत प्रॉन्स कोळीवाडा आपण कोळ्यांचा पदार्थ समजून खातो. वास्तविक तो सायन कोळीवाड्यात फाळणीनंतर वसलेल्या पंजाबी कुटुंबांच्या हॉटेलांतून आला. त्यांच्या गावाकडे मासळी बेसन आणि ओवा लावून तळायचे, इथे समोर समुद्राची कोळंबी होती, तिला तोच लेप लागला. वस्ती कोळ्यांची, हात पंजाब्यांचे, आणि पदार्थ पुरता मुंबईचा. तिथल्या लोकल स्टेशनचं नाव पूर्वी कोळीवाडा होतं, आता गुरू तेग बहादूर नगर आहे. स्थानिक संस्कृती अशीच घडते. दिल्लीने पेशावरची कोंबडी दोन पिढ्यांत आपली करून टाकली, आपण कोळीवाड्याची कोळंबी.

कल्याणच्या लष्करी छावणीतून उल्हासनगर उभं राहिलं, पुण्याजवळ पिंपरी कॅम्प उभा राहिला. तिथे सिंधमधून आलेल्यांनी पहिली चूल कशी पेटवली, पहिलं दुकान कशावर टाकलं, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ती माणसं आज ऐंशीच्या, नव्वदीच्या घरात आहेत. दिल्लीतल्या कुटुंबांना आता आजोबांचा एक कागद आणि एक जुनं चित्रण घेऊन न्यायालयात उभं राहावं लागतंय, कारण वेळेवर कोणी विचारून लिहून ठेवलं नाही. तुमच्या शेजारी असं कोणी आजी-आजोबा असतील तर या दिवाळीत त्यांच्याकडे जाऊन बसा. कुठल्या गावाहून आलात, कुठल्या वाटेने, बरोबर काय होतं आणि इथे पहिल्यांदा काय शिजवलंत, एवढं विचारा आणि तारीख घालून वहीत उतरवा.